चावला कोण, पकडला कोण?

शहरातल्या गल्लीतल्या कुत्र्याला कोणी मत विचारत नाही. तरीही माणसांचे गुन्हे आणि माणसांचा न्याय या दोन्ही गोष्टी त्याच्याइतक्या जवळून फार थोडे जण पाहतात. रात्री दोन वाजता दुकानाचे शटर कोण उचकटतो हे तो पाहतो. सकाळी पोलीस कोणाला धरून नेतात हेही तोच पाहतो. कधी कधी ही दोन माणसे वेगवेगळी असतात.

समजा, मुंबईतल्या एखाद्या कोर्टाच्या फाटकाजवळ पडून असणारा असा एक कुत्रा आहे. नाव काळ्या. अंगावर जुन्या मारामाऱ्यांचे वण, एका कानाचा तुकडा कापलेला, म्हणजे नसबंदी करून परत सोडलेला. वडापावच्या गाडीखाली त्याचा मुक्काम. तो काही भाबडा नाही. त्याला बोलता आले असते तर आपल्या न्यायाविषयी तो काय म्हणाला असता?

आधी त्याने स्वतःच्या जातीची हकिकत सांगितली असती. १८३२ साली मुंबई सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम हाती घेतली आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपायांनी लोकांची पाळलेली कुत्रीही ओढून नेली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. ते चिडले, संप झाला, दंगल उसळली. काळ्या म्हणेल, "बक्षीस लावले की गुन्हेगार शोधावा लागत नाही, हाती लागेल तो चालतो!" अलीकडे ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री कोंडवाड्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. कुत्रा चावलेल्या लहान मुलाच्या आईचे दुःख खरे आहे आणि रेबीज हा जीवघेणा रोग आहे. काळ्याही ते नाकारणार नाही. त्याचा प्रश्न एवढाच आहे : चावला कोण आणि पकडला कोण?

हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाच्या कुत्रीची कथा येते. जनमेजय राजाच्या यज्ञाच्या जागी तिचे पिल्लू गेले. त्याने हविष्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. तरी राजाच्या भावांनी त्याला बदडले. पिल्लू रडत आईकडे गेले. सरमा तडक यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले, माझ्या निरपराध पिल्लाला का मारले? कोणाकडेच उत्तर नव्हते.

पवित्र शास्त्रातही कुत्री एका खटल्याच्या शेवटी दिसतात. राजे यांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय वाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलोपार्जित जमीन म्हणून नाबोथाने ती दिली नाही. राणी ईजबेलने त्याला मारेकरी घालून मारले नाही. तिने सगळे कायदेशीर केले! राजाच्या नावाने पत्रे गेली, त्यावर शिक्का होता, वडीलधारे जमले, दोन साक्षीदार उभे राहिले, आरोप ठेवला गेला आणि नाबोथाला दगडमार झाला. कागदावर सर्व काही बरोबर होते. फक्त साक्षीदार खोटे होते. ज्यांना कागद वाचता येत नाही त्या कुत्र्यांनी तिथे एका माणसाचे रक्त चाटले आणि देवाने एलिया संदेष्ट्याला पाठवले तेव्हा त्याच कुत्र्यांची आठवण राजाला करून दिली. न्यायाची सगळी रीत पाळूनही अन्याय करता येतो, हे या अध्यायाइतके स्पष्ट क्वचितच कुठे सांगितले असेल.

आपल्या काळात दोन खोटे साक्षीदारही लागत नाहीत. नुसता उशीर पुरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातील सुमारे शहात्तर जणांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांतले काही गुन्हेगार असतील, काही नसतील. काहींना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी झारखंडमधील अशाच कच्च्या कैद्यांसाठी झटले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्याच्या नळीसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि त्यांचा खटला सुरूही झालेला नव्हता.

मग काय, गुन्ह्यांकडे डोळेझाक करायची? मुळीच नाही. जिचे मंगळसूत्र खेचले गेले, ज्याचा मुलगा मारला गेला, त्यांनाही तारखांवर तारखा पडतातच. निरपराध माणूस आत बसतो तेव्हा खरा अपराधी बाहेर फिरत असतो. म्हणजे अन्याय एकदा नाही, दोनदा होतो. दया म्हणजे गुन्हा घडलाच नाही असे म्हणणे नव्हे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढीच शिक्षा व्हावी, हा तर दयेचा आणि न्यायाचा दोघांचाही आग्रह आहे.

काळ्याची एक खोड मात्र सांगायलाच हवी. तो कचरा वेचणाऱ्या पोरावर भुंकतो आणि गाडीतून उतरणाऱ्या साहेबापुढे शेपूट हलवतो. फाटके कपडे आणि खांद्यावरचे पोते दिसले की त्याला चोर दिसतो. हे तो कुठे शिकला? आपल्याच दारात! सोसायटीत चोरी झाली की आपला पहिला संशय मोलकरणीवर जातो, मग रखवालदारावर, मग परप्रांतीय मजुरावर. १९६९ साली महाराष्ट्रातील एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या कुत्र्याने काढलेल्या मागाला फारसे महत्त्व दिले नाही. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घेता येत नाही, हे त्याचे एक कारण. कायदा एवढी काळजी घेतो. आपण मात्र आपल्या संशयाची उलटतपासणी कधी घेतो का?

कुत्र्याचे आणखी एक मत ऐकण्यासारखे आहे. रामायणाच्या उत्तरकांडात, काही प्रतींत, एक कुत्रा रामाच्या दरबारात फिर्याद घेऊन येतो. एका ब्राह्मणाने त्याच्या डोक्यात विनाकारण काठी घातलेली असते. शिक्षा काय द्यावी, असे विचारल्यावर कुत्रा म्हणतो, याला मठाधिपती करा. सगळे चकित होतात. हा तर सन्मान झाला! कुत्रा सांगतो, मीही मागच्या जन्मी तेच पद सांभाळत होतो, त्यातूनच माझी ही गत झाली. ज्याच्या हाती संस्था, पैसा आणि लोकांचा विश्वास असतो त्याचे पाप अधिक जड असते, असे त्या कुत्र्याला म्हणायचे आहे. पतपेढ्या, शाळा, ट्रस्ट आणि धर्मग्रामाच्या समित्या चालवणाऱ्या आपण सर्वांनी हे ऐकून घेतलेले बरे.

मग आपण करायचे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही. कोठडीतील माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. हे त्या कैद्याच्या बायकोला किंवा म्हाताऱ्या आईला बहुधा ठाऊक नसते. आपल्यापैकी कोणी तिच्यासोबत त्या कार्यालयात गेले तर तेवढ्यानेही एखादे दार उघडू शकते.

संत रोक यांच्या चित्रात त्यांच्या पायाशी तोंडात भाकर धरलेला कुत्रा असतो. प्लेगने आजारी पडून ते रानात एकटे पडले होते तेव्हा हा कुत्रा रोज भाकर आणत असे, अशी परंपरा आहे. पुढे मायदेशी परतल्यावर हेर समजून त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि तेथेच ते वारले. चित्रातला कुत्रा आपल्याला दिसतो, तो तुरुंग मात्र आपण विसरतो. अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रभू येशू आपल्याला विचारणार आहे की मी बंदिवासात असताना तू मला भेटायला आलास का. तो कैदी दोषी होता की निर्दोष, याचा त्या प्रश्नात उल्लेखही नाही.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, ज्यातला मुलगा आज कोठडीत आहे. शेजारी त्या घरी जायचे थांबले असतील, मिस्सेनंतर कोणी त्या आईशी बोलत नसेल. निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या घरी भाकर घेऊन जायला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.