मुलांचा पहिला मुक्काम आणि स्थानविचार

लहान मुलाला प्रथमच घराबाहेर नेणे ही गोष्ट गृह्यसूत्रांनी सहज उरकून टाकण्याजोगी मानलेली नाही. जन्मानंतर चौथ्या महिन्यात सांगितलेल्या निष्क्रमण संस्कारात, म्हणजे बालकाला छताखालून पहिल्यांदा उघड्यावर आणण्याच्या विधीत, त्याला मंत्रपूर्वक सूर्यदर्शन घडवले जाते. ठाण्याच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या जुन्या वसाहतीत किंवा तिच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत वाढणारे चार-पाच वर्षांचे मूल जेव्हा आईवडिलांबरोबर पहिल्यांदा तंबूत रात्र काढायला निघते, तेव्हा एका अर्थाने त्याचे दुसरे निष्क्रमण घडत असते. फक्त या वेळी त्याला दाखवायचा असतो तो अंधार. तो कोणत्या जागी दाखवावा, हा प्रश्न वरवर सोयीसुविधांचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचार आहे. आपल्यावर सर्वस्वी विसंबलेल्या जिवासाठी जागा निवडताना तिच्यातले किती भय दूर करावे आणि किती राहू द्यावे, हा तो विचार होय.

स्थाननिवडीचा सर्वांत रसाळ मराठी विचार ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आढळतो. गीतेने योगाभ्यासासाठी शुद्ध जागा शोधावी एवढेच सांगितले असताना, 1290 मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात ज्ञानदेवांनी त्या दोन शब्दांचा मोठा विस्तार केला. बसल्यावर उठावेसे वाटू नये, पावलोपावली पाणी असावे आणि ते पावसाळ्यातही निवळ राहावे, ऊन सौम्य व वारा मंद असावा, श्वापदांची दाटी नसावी, गोंगाट तर नसावाच, आणि जमल्यास जवळ एखादा मठ किंवा शिवालय असावे, अशी ती जागा आहे. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की ज्ञानदेव रान निर्जीव करून मागत नाहीत. अधूनमधून येणारे हंस, सारस, कोकीळ त्यांना चालतात. दुसरी ही की एकांत सांगूनही माणसाच्या वस्तीची खूण ते पूर्णपणे पुसत नाहीत. पाली अंगुत्तरनिकायातही भिक्षूच्या निवासस्थानाची लक्षणे अशीच येतात: ते गावापासून फार दूर किंवा फार जवळ नसावे, जाण्यायेण्याची वाट असावी, दिवसा वर्दळ व रात्री गलबला नसावा, आणि डास, ऊन, वारा, सरपटणारे प्राणी यांचा उपद्रव कमी असावा. उपद्रव कमी असावा असे म्हटले आहे, मुळीच नसावा असे नव्हे.

मात्र योगी आणि भिक्षू स्वतःसाठी जागा निवडतात, आणि तिथल्या संकटाला त्यांची संमती असते. मुलाची तशी संमती घेता येत नाही, कारण ज्याला संकट कळतच नाही त्याचा होकार हा होकार नव्हे. आणि म्हणूनच साधकाच्या बाबतीत जे धैर्य ठरते, तेच पालकाच्या बाबतीत निष्काळजीपणा ठरते. शास्त्राची लक्षणे मुलांच्या मुक्कामाला लावायची तर ती अधिक कठोरपणे लावावी लागतात.

वर्तकनगराबाबत हा भेद फार स्पष्ट दिसतो. पोखरण रस्त्याने उपवन तलाव मागे टाकला की येऊरचा डोंगर सुरू होतो, आणि तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संरक्षित वनाचा पूर्वेकडचा भाग आहे. सर्वांत जवळचे रान हेच, म्हणून पहिली रात्रही इथेच काढावी असे पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण तो विचार सोडावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वनात परवानगीवाचून प्रवेशाला मनाई केली आहे, आणि बिबट्याचा वावर संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा असल्याने वाकून खेळणारे लहान मूल त्याला सहज भक्ष्य वाटू शकते. 2004 मध्ये या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले होते.

याच रानातील वारली समाज वाघोबाला देव मानतो. लाकडी किंवा दगडी फळीवर कोरलेला वाघ, त्याच्या वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदराचे थर, अशी ही मूर्ती असते आणि वाघबारसेला तिची पूजा होते. या उपासनेत वाघ नाहीसा व्हावा अशी मागणी नसते. त्याची हद्द मान्य करून आपल्या माणसांना व गुरांना त्याने सांभाळावे अशी विनवणी असते. भयाशी नाते जोडण्याची ही रीत शहरी पालकांनी मनापासून समजून घ्यावी अशी आहे. येऊरच्या बंगल्यांतून रात्री वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांविरुद्ध स्थानिक आदिवासी व निसर्गप्रेमी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत, यावरून ही हद्द कोण ओलांडतो ते कळून येते.

उद्यानाच्या पोटातच कान्हेरीची शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत, आणि तिथे मुक्कामाच्या जागेचा विचार खडकात कोरलेला पाहता येतो. पावसाचे पाणी खाचांमधून गोळा करणारी, शिलालेखांत पोढी म्हटलेली टाकी लेण्यांच्या दाराशी असतात, निजण्याबसण्यासाठी भिंतीलगत दगडी ओटे असतात आणि ओटीवर चढायला पायऱ्या असतात. वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहण्याचा नियम, हिरवे गवत आणि बारीक जीव भिक्षूंच्या पायांखाली तुडवले जातात या लोकांच्या तक्रारीवरून झाला, असे विनयपिटकातील महावग्ग सांगतो. मुक्कामाचा नियम तिथे आधीपासून राहणाऱ्या जिवांना धरून ठरला, ही गोष्ट मुलांना तंबू ठोकण्यापूर्वीच सांगण्यासारखी आहे.

मग जागा कोणती? मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या अंगणालगतची मोकळी, किंचित उंच जमीन, जिथे घरात दिवा आहे, शौचालय आहे आणि हाकेच्या अंतरावर माणूस आहे, ती धरणाच्या किंवा नदीच्या काठापेक्षा पहिल्या रात्रीसाठी कितीतरी योग्य. उतारावरचा ओहोळ कोरडा दिसला तरी त्यात तंबू नको, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको, दगडांच्या ढिगाजवळ किंवा पेंढ्याच्या गंजीजवळ तर नकोच, कारण फुरसे, मण्यार आणि विंचू अशाच आडोशाला असतात. सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय कोठे आहे याची चौकशी निघण्यापूर्वी करावी, आणि मुक्काम हिवाळ्यात ठेवावा. एवढे धोके दूर केल्यावर अंधार मात्र तसाच राहू द्यावा. झगमगते दिवे आणि गाणी लावून तोही घालवला, तर मूल घरापासून दूर येऊनही घरातच राहते. रातकिड्यांचा आवाज, टिटवीचे ओरडणे, तंबूच्या कापडाची फडफड यांनी दचकून आईला बिलगणे हा त्या रात्रीचा खरा लाभ आहे.

बिलगूनही मुलाची भीती ओसरली नाही, तर मध्यरात्री घरी परतता येईल अशी वाट मात्र त्या जागेला हवी. वर्षावासाचे व्रत घेतलेल्या भिक्षूंनाही हिंस्र पशू, साप, पूर किंवा आग यांचा उपद्रव झाल्यास मुक्काम सोडून जाण्याची मोकळीक होती, आणि असे जाण्याने व्रतभंगाचा दोष लागत नाही असे महावग्गाने स्पष्ट म्हटले आहे. चार वर्षांच्या मुलाने तर कोणतेही व्रत घेतलेले नसते.