एका पातेल्यातलं मीठ

माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं का, असं अग्निवेशाने आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारलं. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात हा संवाद आहे. आत्रेयांचं उत्तर रोखठोक आहे. सगळं ठरलेलंच असतं, तर औषध कोणी घेतलं नसतं आणि पिसाळलेला हत्ती अंगावर आला तरी कोणी पळालं नसतं. मागच्या जन्मीचं कर्म ते दैव आणि या जन्मी आपण करतो तो पुरुषकार. दैव दुबळं असेल तर पुरुषकार त्याला मागे सारतो. दैव बलवत्तर असेल तर पुरुषकार हरतो. दोन्ही शक्यता त्यांनी मोकळेपणाने मान्य केल्या आहेत.

त्याच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात मिठाचा विषय आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति खाऊ नयेत, असं तिथे बजावलं आहे. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंध आणि सौवीर इथले लोक दुधातसुद्धा मीठ घालून घेतात, असं उदाहरण दिलं आहे आणि मिठाच्या अतिरेकाने ग्लानी, दुबळेपणा, अकाली पिकणारे केस असे परिणाम सांगितले आहेत. रक्तदाब मोजण्याचं साधन तेव्हा नव्हतं. त्यामुळे चरकाला तो ठाऊक होता असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण दैवाचा प्रश्न आणि मिठाचा इशारा एकाच स्थानात यावेत, हे आजच्या वाचकाला मोलाचं वाटायला हवं.

हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला पनवेलइतकं योग्य गाव नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे आयुर्वेदिक औषधांच्या ‘श्री धूतपापेश्वर’चा पाया घातला. आणि याच भागात, पनवेल-उरण-पेणच्या खाडीकाठी, आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकवली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांधाने अडवायचं, उथळ वाफ्यांत फिरवत उन्हावर आटवायचं आणि तळाशी बसलेलं पांढरं पीक ओढून ढीग लावायचे. पावसाळा संपला की सुरू झालेलं हे काम पुढच्या पावसापर्यंत चालायचं.

आता त्या जमिनींचा मोठा भाग नव्या शहराखाली गेला आहे. ताटातलं मीठ मात्र गेलं नाही. लोणचं, पापड, खारवलेली मासळी, त्यात आता फरसाण आणि वेफर. आणि चाळिशीत गोळी सुरू झाली की ठरलेलं वाक्य येतं, “आमच्या घराण्यातच बीपी आहे.”

हे वाक्य खोटं नाही. अमेरिकेत लुईस डाल यांनी १९६२ साली उंदरांच्या दोन जाती वाढवल्याचं जाहीर केलं. खारट आहारावर एका जातीचा दाब चढत जाई, दुसरीचा फारसा हलत नसे. फरक आनुवंशिक होता. १९८६ साली मायरन वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांची तपासणी केली. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी सुमारे निम्मे आणि दाब सामान्य असलेल्यांपैकी सुमारे पाव लोक मिठाला संवेदनशील निघाले. पुढे रिचर्ड लिफ्टन यांनी दाखवलं, की एकाच जनुकातल्या दोषाने दाब चढतो अशा दुर्मीळ आजारांचं मूळ मूत्रपिंडात सापडतं. मीठ बाहेर टाकण्याऐवजी ते धरून ठेवलं जातं. मिठामागोमाग पाणी थांबतं आणि दाब वाढतो. बहुतेक घरांत मात्र असं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा मिळून वारसा बनतो.

म्हणजे दैव आहे, पण ते बहुतेकांच्या बाबतीत एकट्याने काही ठरवू शकत नाही. त्याला मिठाची साथ लागते. इथे आत्रेयांचं उत्तर तंतोतंत लागू पडतं आणि त्याचा दुसरा भागही विसरू नये. पथ्य पाळूनही काहींचा दाब चढतोच. गांधीजींनी वर्षानुवर्षं मीठ वर्ज्य केलं, तरी उतारवयात त्यांना उच्च रक्तदाबाचा त्रास होता. अशा माणसाला “तुझंच चुकलं” म्हणणं हा अन्याय आहे. त्याने निमूटपणे गोळी घेणं हाही पुरुषकारच.

अवघड प्रश्न पुढे आहे. घरात पाच माणसं, जनुकं वेगवेगळी, पण आमटीचं पातेलं एकच. कोण मिठाला संवेदनशील आहे, हे सांगणारी सोपी चाचणी नेहमीच्या दवाखान्यात नाही. मग एकासाठी सगळ्यांनी कमी खारट खायचं का? दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारात गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्हीही सोडणार नाही, असं त्यांनी सुनावताच गांधीजींनी वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांनीच सांगितला आहे. आजाऱ्याचं वेगळं, आळणी ताट वाढून मोकळं होणाऱ्या घरांनी तो जरूर वाचावा. ज्याच्या वाट्याला वारसा आला, त्याच्या एकट्याच्या निग्रहावर सगळं सोडणं हा धर्म नव्हे. पातेलं सामायिक आहे, तर पथ्यही सामायिक हवं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही इतकंच मीठ सांगते आणि त्यात लोणचं-पापडही मोजायचे असतात. उपासाचं सैंधव त्यातून सुटत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. सवय एकदम तोडू नका, क्रमाक्रमाने सोडा, हा चरकाचा सल्ला इथे फार उपयोगी आहे, कारण जिभेलाही काही आठवडे लागतात. पानात मीठ वाढणं या आठवड्यापासून थांबवा आणि आईवडिलांपैकी कुणाला दाब असेल, तर त्रास नसला तरी तिशीतच स्वतःचा दाब मोजून घ्या.