दुसऱ्यांदा आलेला माणूस

भुकेल्याला घास देताना त्याला काही विचारावं का? हा प्रश्न मला एप्रिल 2020 मध्ये पडला, आणि तोही उशिराच.

आमचं गाव माणदेशातलं. वडील माथाडी. बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला, तसं आमचं बिऱ्हाड कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलं. टाळेबंदीत नाक्यावरच्या मजुरांच्या चुली थंडावल्या, तेव्हा वसाहतीतल्या पोरांनी खिचडीचं पातेलं चढवलं. सरकारची शिवभोजन थाळी 10 रुपयांची 5 रुपयांवर आली होती. पण खिशात तेवढेही नसतील त्यानं काय करावं? रांग मोठी, खिचडी मोजकी. एकानं दोनदा नेली तर शेवटचा उपाशी राहणार. म्हणून वहीत नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

एके दिवशी एक म्हातारा पुन्हा रांगेत दिसला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "बाबा, मघाशी नेली ना तुम्ही?" ते काही बोलले नाहीत. रांगेतून बाजूला झाले अन् निघून गेले.

रात्री ताटावर बसलो आणि 1972 चा दुष्काळ आठवला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं सुकडी मिळायची. आपल्या वाट्याची ती पदरात बांधून आम्हा भावंडांना आणायची. एकदा ती पुन्हा रांगेत उभी राहिली, तर मुकादम सगळ्यांपुढं ओरडला, "ए बाई, लाज नाही वाटत?" आई हे पुढं हसून सांगायची, पण सांगताना हात पदराकडे जायचा. त्या पदरातल्या सुकडीवर मी वाढलो, आणि 48 वर्षांनी मुकादमाच्या जागी वही घेऊन मीच बसलो होतो.

हिशेब खोटा नव्हता. शेवटच्या माणसाची भूकही खरीच होती. पण हिशेब पातेल्याचा करायचा असतो. मी तो माणसाच्या तोंडावर केला. "घरी आणखी कोण आहे?" एवढं जवळ जाऊन हळू विचारलं असतं तरी भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वही बंद केली. तांदूळ वाढवला. रांग लागायच्या आधीच पोरं ओरडून सांगू लागली, "घरी कुणी असंल तर डबा आणा हो!" डबे आले, बरेच आले. ते बाबा मात्र परत दिसले नाहीत. पातेलं उतरेपर्यंत मी रोज रांगेच्या शेवटापर्यंत बघत राहायचो.