गर्भवती मातेच्या ताटाचा हक्क



सर्व स्तुती त्या अल्लाहची, ज्याने माणसाला एका थेंबापासून घडविले आणि मातेच्या उदरात त्याच्या पोषणाची व्यवस्था केली. दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर, हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.

गेल्या शाबान महिन्यात अंजनगाव सुर्जीच्या आमच्या मशिदीत असरच्या नमाजनंतर एक तरुण थांबला. त्याच्या पत्नीला सातवा महिना लागला होता. रमजान तोंडावर आला होता आणि तिने रोजे ठेवावेत की नाही, यावर घरात मतभेद होते. मी मसला सांगितला. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला अपाय होण्याची भीती असेल, तर गर्भवतीला रोजा न ठेवण्याची सवलत आहे. राहिलेल्या रोजांची कजा तिने पुढे करावी. तो मान हलवून उभा राहिला, पण गेला नाही. मग त्याने खिशातून दवाखान्याचे कार्ड काढले. हिमोग्लोबिनच्या रकान्यात ८.२ असा आकडा होता. मी विचारले, "घरी ती काय खाते?" तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "ते काही सांगता येत नाही, हजरत. सगळ्यांचं झाल्यावर बसते ती."

मसला विचारणाऱ्याला मी मसला सांगितला होता. पण त्या घरातील खरा प्रश्न रोजाच्या आधीचा होता, ताटाचा होता. त्या एका घराला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्यापैकी किती जणांना या प्रश्नाचे उत्तर देता आले असते, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

पवित्र कुरआनात एका मातेच्या प्रसूतीचे वर्णन आले आहे. सूरह मरयममध्ये (१९ : २३-२६) सांगितले आहे की, प्रसववेदना हजरत मरयम (अ.) यांना खजुराच्या बुंध्यापाशी घेऊन आल्या. त्या एकट्या होत्या. लोक काय म्हणतील या विचाराने इतक्या व्याकूळ झाल्या होत्या की, याआधीच मरण आले असते तर बरे, असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांना हाक आली. दुःख करू नये, पायाखाली झरा वाहता केला आहे, बुंधा हलवावा, पिकलेली ताजी फळे पडतील, ती खावीत, पाणी प्यावे आणि डोळे निववावेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर कोणी माणूस दिसलाच, तर आपण मौनाचा रोजा मानला आहे असे कळवावे, असा आदेश झाला.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी पाणी, मग फळ, मग खाण्यापिण्याची आज्ञा, आणि लोकांचा विचार सर्वांत शेवटी. शिवाय त्या दिवशी त्यांच्याकडून जो रोजा मागितला गेला तो बोलण्याचा होता, अन्नपाण्याचा नव्हता. ज्या मातेचा दर्जा कुरआनाने इतका उंच सांगितला, तिलाही अल्लाहने त्या घटकेला सब्र करून उपाशी राहण्यास सांगितले नाही. मग आपल्या घरातील सून उपाशीपोटी राबते, तेव्हा तिच्या भुकेला आपण सब्र हे नाव कोणत्या आधारावर देतो?

आता हक्काचे पाहू. सूरह तलाकमध्ये (६५ : ६) असा आदेश आहे की, घटस्फोट दिलेली स्त्री गर्भवती असेल, तर प्रसूती होईपर्यंत तिचा खर्च पुरुषाने करावा. नाते तुटले, मन तुटले, तरी उदरातील जिवासाठी अन्नाची जबाबदारी तुटत नाही. जी घर सोडून गेली तिच्याविषयी हा आदेश असेल, तर जी आपल्याच चुलीपाशी उभी आहे तिचा हक्क किती मोठा असेल! पत्नीचा पतीवर काय हक्क आहे, असे एका सहाबींनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सर्वप्रथम हेच सांगितले की, तू खाशील तेव्हा तिलाही खाऊ घाल (अबू दाऊद). येथे 'तेव्हा' या शब्दाला अर्थ आहे. आपले पोट भरल्यावर जे उरेल ते तिचे, असे त्यात कोठेही नाही. नफका म्हणजे केवळ महिन्याचा किराणा आणून टाकणे नव्हे. तो किराणा तिच्या ताटात पोचतो की नाही, हे पाहणेही त्यातच येते.

आईच्या गर्भारपणाचे वर्णन सूरह लुकमानने (३१ : १४) अशक्ततेवर चढत जाणारी अशक्तता असे केले आहे. वैद्यकशास्त्राची माहिती घेतली की, या वर्णनापुढे मस्तक नमते. गर्भारपणात आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते. बाळाला आणि वारेलाही लोह लागते. आहारातून ते मिळाले नाही, तर आईचा साठा रिता होतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की, गर्भवतीला रक्तक्षय आहे असे मानतात. ७ च्या खाली तो गंभीर समजला जातो आणि रुग्णालयात उपचार करावे लागतात. अशी माता प्रसूतीतील रक्तस्राव सहन करू शकत नाही. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत. तेव्हा हा प्रश्न एखाद्या घराचा किंवा एका समाजाचा नाही.

आमच्या अंजनगावातून उत्तरेकडे पाहिले की गाविलगडचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे मेळघाट आहे. कुपोषण म्हटले की वृत्तपत्रात धारणी आणि चिखलदरा ही नावे येतात, आणि खाली मैदानात राहणारे आपण समजतो की, ते दुःख डोंगरावरचे आहे. तेथील गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा अंगणवाडीत बसवून पूर्ण जेवण देण्यासाठी शासनाने २०१५ साली एक योजना सुरू केली. तिला भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आहे. घरी नेलेला शिधा साऱ्या कुटुंबात वाटला जातो आणि आईच्या वाट्याला थोडाच येतो. अंगणवाडीत समोर बसवून वाढलेले ताट मात्र तिचेच राहते. आपल्या घरी हे काम शासनाने करावे काय? येथे तर धान्य आहे, बाजार आहे, पती आहे, सासू आहे.

खर्चाची सबब पुष्कळदा सांगितली जाते. पण गर्भवतीच्या ताटाला बदाम-पिस्ते लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, मेथी-पालकाची भाजी, उसळ, शेंगदाणे आणि गूळ, अंडे, दूध-दही आणि जमेल तेव्हा नीट शिजवलेले मटण किंवा मासे, एवढे पुरे आहे. आपला हा भाग संत्र्यांचा. ट्रक भरभरून संत्री परमुलखात जातात. भाजी-वरणातील लोह शरीरात मुरण्यास संत्र्या-लिंबातील 'क' जीवनसत्त्व मदत करते, आणि जेवणासोबतचा चहा त्याला अडवतो. म्हणून जेवणावर चहा न देता एक संत्रे द्यावे. पोटभर खाल्ले तर बाळाला जागा राहत नाही, बाळ फार मोठे होऊन प्रसूती अडते, असे म्हणून तिचा घास तोडणारी वडीलधारी मंडळी असतात. त्यांचे प्रेम खरे आहे, पण समजूत खोटी आहे. बाळ पिशवीत असते, अन्न जठरात जाते.

लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस, असा नियम आहे. रक्तक्षय असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. शौचाचा रंग काळा होतो, कधी मळमळते, म्हणून अनेक भगिनी गोळ्या फडताळात ठेवून देतात. रंग बदलण्यात धोका नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यासोबत घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. उपचार करा, अल्लाहने ज्यावर औषध उतरवले नाही असा आजार नाही, या आशयाची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणून गोळी घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

रमजानविषयी पुन्हा स्पष्ट करतो. अल्लाहने प्रवाशाला, गर्भवतीला आणि दूध पाजणाऱ्या मातेला रोजाच्या बाबतीत सूट दिली आहे, असे हदीसमध्ये आले आहे (तिर्मिजी, नसाई). हनफी मसलकानुसार अशा स्त्रीवर नंतर केवळ कजा आहे, कफ्फारा नाही. जिची प्रकृती उत्तम आहे, जिला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, ती रोजा ठेवू शकते. परंतु रक्तक्षयी, अशक्त भगिनीला टोमणे मारून रोजा ठेवायला लावणे म्हणजे अल्लाहने दिलेली सवलत आपण काढून घेणे होय. आणि जिने ही सवलत घेतली, तिला दिवसभर चोरून पाणी प्यावे लागावे, हेही आपल्या घराला शोभत नाही.

दुसरा अडथळा लाजेचा आहे. हया हा ईमानचा भाग आहे, पण त्या नावाखाली आपल्या स्त्रिया आजार लपवतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी फारच थोड्या जणींची कधी तपासणी झाली होती. याउलट मदीनेतील अन्सारी स्त्रियांची ह. आयेशा (रजि.) यांनी याचसाठी प्रशंसा केली की, दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही (मुस्लिम). त्या स्वतःच्या शरीराविषयीचे प्रश्न प्रेषितांच्या (स.) घरी येऊन विचारीत. मग आपली लेक रक्तस्राव, अंगावरील सूज किंवा डोकेदुखी डॉक्टरीणबाईंना सांगायला का लाजते? सातव्या-आठव्या महिन्यात सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

दोन बाळंतपणांतील अंतरही याच हक्कात येते. कुरआनाने (२ : २३३) दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आणि त्या काळात मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला. जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीनंतर किमान २४ महिन्यांनी पुढील गर्भधारणा व्हावी, असे सुचविते. पती-पत्नीने परस्पर संमतीने असे अंतर राखण्यास अनेक उलमांनी परवानगी दिली आहे. याविषयी आलिम आणि डॉक्टर या दोघांनाही विचारावे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. गर्भारपणात किंवा प्रसूतीत मरण पावणाऱ्या स्त्रीला शहीदचा दर्जा आहे, असे हदीसमध्ये आले आहे (अबू दाऊद). मी अनेक घरी सांत्वनाला जातो, तेव्हा हीच हदीस ऐकवतो. त्याच हदीसमध्ये बुडून मरणाऱ्याचा आणि भिंतीखाली सापडून मरणाऱ्याचाही उल्लेख आहे. म्हणून आपण विहिरीला कठडा बांधायचे सोडतो काय? तडकलेल्या भिंतीखाली लेकरांना झोपवतो काय? हा दर्जा जाणारीला अल्लाहची देणगी आहे. मागे राहणाऱ्यांच्या निष्काळजीपणाला ती माफी नाही. आपल्या हाताखालच्या जिवांविषयी प्रत्येकाला जाब द्यायचा आहे.

तेव्हा बंधूंनो, आज रात्री घरी गेल्यावर एवढे करावे. दस्तरखान अंथरला की, घरातील गर्भवतीला सर्वांसोबत बसवावे आणि पहिले ताट तिचे वाढावे. तिचे कार्ड मागून घेऊन हिमोग्लोबिनचा आकडा स्वतः वाचावा. आणि माझ्या सासू झालेल्या भगिनींनो, हे ताट तुम्ही आपल्या हातांनी वाढलेत, तर जे तुम्हाला तुमच्या काळी मिळाले नाही ते देण्याचे पुण्य तुमच्या नावे लिहिले जाईल.

तो तरुण ईदनंतर पुन्हा भेटला. मी काही विचारण्याआधीच त्याने सांगितले, "आता माझ्याबरोबरच बसते."

हे अल्लाह, आमच्या मातांना, पत्नींना आणि लेकींना आरोग्य दे. त्यांची प्रसूती सुलभ कर. त्यांच्या हक्कांत कसूर करण्यापासून आम्हाला वाचव आणि आमच्या घरांत जन्मणाऱ्या लेकरांना नेक व निरोगी आयुष्य दे. आमीन.