गेलेल्या राजधानीचे ऋण

जेथे एके काळी राज्य नांदले, अशा स्थळी जाणाऱ्या मनुष्याने तेथून काय घेऊन परतावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आम्हां शाहूवाडीकरांस तर तो टाळताही येत नाही. आमच्या पूर्वेस पन्हाळा आहे, पश्चिमेस विशाळगड. आणि १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज ज्या वाटेने गेले, ती वाट व ती पावनखिंड आमच्याच मुलखात आहे.

पन्हाळ्याने राजधानीचा मान एकदाच नव्हे, तर अनेकदा भोगला. शिलाहारांचा दुसरा भोज येथे नांदला, पुढे ताराबाईंनी येथूनच कारभार पाहिला, आणि १७८२ मध्ये गादी कोल्हापुरास गेली. विशाळगडाचीही तीच गत. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडली व तेथील जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. राजधानीपण हे असे चंचल आहे. ते निघून गेल्यावर मागे जे उरते, त्यावर आमचा हक्क कोणता?

पुष्कळांचे उत्तर एकच असते : अभिमान. अभिमान त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पूर्वजांची आठवण ज्यास नाही, त्या समाजास पुढचीही फारशी दृष्टी नसते. परंतु जो पराक्रम आम्ही केला नाही, त्याचे श्रेय मात्र आपले म्हणावे आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांचा हिशेब विचारू नये, हा कोणता न्याय? वाडवडिलांची मिळकत घेणाऱ्यास त्यांचे कर्जही फेडावे लागते, हे व्यवहारात प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. इतिहासात तो नियम का सुटावा?

या दृष्टीने गड पाहू लागले म्हणजे तोच गड निराळा दिसतो. अंबरखान्यातील गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. त्या भव्य कमानींखाली उभे राहून बांधणाऱ्याची थोरवी गावी हे रास्तच आहे. पण ते धान्य ज्यांच्या शेतांतून आले, त्या गावांस शत्रू आला असता आडोशाला तट नव्हता, हेही तेथेच आठवावे. शिवा काशीद हा जातीने नाभिक. राजाचा वेष घेऊन तो पालखीत बसला व प्राणास मुकला. त्याचे नाव तरी उरले. खिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे पडले, त्यांतील बहुतेकांचे तेवढेही उरले नाही. आणि याच गडावर १६८० च्या आरंभी, मोगलांच्या गोटातून परतलेल्या संभाजीराजांची व त्यांच्या पित्याची भेट झाली. थोरांच्या घरीही दुखावलेली मने असतात, हे त्या भेटीने सांगितलेले सत्य झाकून ठेवणे म्हणजे थोरांचा सन्मान नव्हे.

कोणी म्हणेल, अशाने मुलांच्या मनातील उत्साह मावळेल. आम्हांस तसे वाटत नाही. निर्दोष पुतळ्यास मूल नमस्कार करते व पुढे जाते. संकटात सापडलेल्या माणसांची निष्ठा पाहून मात्र ते स्वतःकडे वळून पाहते.

२०२५ मध्ये पन्हाळ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले. यापुढे पाहुणे वाढतील. त्यांस गड दाखविताना तीन दरवाजाबरोबर त्या अनामिकांचीही गोष्ट ज्याने सांगितली, त्याने वारशाचा आपला वाटा फेडला असे आम्ही म्हणू.