थट्टेला आधी देव्हारा लागतो

जर्मन विनोदी ऑपेराच्या सर्वांत जवळ मराठी रंगभूमी गेली ती 1978 मध्ये. त्या वर्षी पुण्याच्या थिएटर अकादमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणला. बर्टोल्ट ब्रेख्टचे शब्द आणि कुर्ट वाइलचे संगीत असलेल्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे हे रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे, तर दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. दरोडेखोर अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. मुंबईच्या रॉक बँडमधून आलेला हा गायक अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाला होता. त्यांच्या जोडीला माधुरी पुरंदरे यांच्यासारखा गाता आवाज होता, आणि संगीतात आनंद मोडक यांचा वाटा होता. नाट्यसंगीताची ढब, लावणीचा ठसका आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक हे सगळे एकाच रात्री, एकाच रंगमंचावर नांदले. मराठीत ब्रेख्ट तेव्हा अगदीच नवखा नव्हता. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि व्यंकटेश माडगूळकरांचे 'देवाजीनं करुणा केली' आधी येऊन गेले होते. पण ब्रेख्टचा ऑपेरा ही चीज वेगळी होती.

त्या प्रयोगाच्या आठवणी काढल्या जातात त्या पुलंच्या शब्दकळेसाठी, नाही तर भेंड्यांच्या आवाजासाठी. त्या काढाव्यातच. पण हाच ऑपेरा आज अहिल्यानगरच्या एखाद्या संस्थेने करायचा ठरवला, तर घोडे नेमके कुठे अडेल? नगरला नाटकाची कमी नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र तिथे आहे, महाकरंडकासारखी एकांकिका स्पर्धा तिथे होते, आणि सदाशिव अमरापूरकर हे त्याच गावचे. तेव्हा नट मिळतील, प्रेक्षकही मिळतील. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती तालमीच्या खोलीत लगेच दिसत नाही.

पहिली शंका संगीताची येते. जर्मन ऑपेरा म्हटले की डोळ्यांसमोर वाग्नर उभा राहतो. त्याचा 'मास्टरसिंगर्स' हाही म्हणायला विनोदी ऑपेराच, पण साडेचार तासांचे संगीत, प्रचंड वाद्यवृंद आणि भरगच्च कोरस असा त्याचा संसार. तो मुंबईतसुद्धा पैसेवाल्यांचाच खेळ ठरेल. 'थ्री पेनी ऑपेरा' मात्र मुद्दाम गरिबाघरचा आहे. 31 ऑगस्ट 1928 रोजी बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरात तो पहिल्यांदा झाला, तेव्हा वादक होते जेमतेम सात, आणि एकेक जण दोन-तीन वाद्ये हाताळत होता. जॅझ, टँगो, चर्चमधल्या भजनाची चाल, रस्त्यावरच्या पेटीवाल्याचे गाणे असा सगळा मालमसाला. गाण्यासाठी त्यांनी घेतले होते नटच. कमावलेल्या गळ्याचे ऑपेरा-गायक ब्रेख्टला नकोच होते. शब्द चोख कळले पाहिजेत आणि गाणारा गाण्यात विरघळून जाता कामा नये, एवढीच अट. ढोलकी, हलगी, पेटी आणि एखादा कीबोर्ड घेऊन नगरच्या मुलांना हे संगीत नव्याने बांधता येईल.

खरी अडचण समजायला आणखी दोनशे वर्षे मागे जावे लागते. 1728 च्या जानेवारीत लंडनला जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' आला. त्या काळी लंडनची उच्चभ्रू मंडळी इटालियन ऑपेराच्या भजनी लागली होती. राजे-राण्या, देवदेवता, न कळणाऱ्या भाषेतले दीर्घ आलाप. गे याने तेच सगळे घेतले आणि राजाच्या जागी दरोडेखोर बसवला, राणीच्या जागी चोरीचा माल घेणाऱ्याची पोर. गाण्यांना गल्लीतल्या चाली दिल्या. दरोडेखोराच्या वागण्यात प्रेक्षकांना पंतप्रधान वॉल्पोल दिसला. पहिल्याच हंगामात 62 प्रयोग झाले, आणि ज्या रॉयल अकादमीसाठी हँडल इटालियन ऑपेरा लिहीत असे, ती त्याच वर्षी बसली. 1920 च्या दशकात लंडनमध्ये हे नाटक पुन्हा गाजले. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी ते ब्रेख्टसाठी जर्मनमध्ये आणले, आणि ब्रेख्ट-वाइल जोडीने तीच खोडी बर्लिनच्या ऑपेराची काढली. सुरुवातीला हँडलच्या थाटाची वाकुल्या दाखवणारी सुरावट. शेवटी दरोडेखोर फासाखाली उभा असताना राणीचा दूत घोड्यावरून येतो आणि त्याला माफी, गढी आणि पेन्शन देऊन जातो. ऑपेराचा शेवट गोड व्हायलाच हवा ना!

विनोदी ऑपेराला आपल्याआधी एक गंभीर ऑपेरा लागतो. प्रेक्षकाच्या मनात गाण्याचा, भव्यतेचा, पवित्र भावनेचा एखादा देव्हारा असेल, तरच त्यापुढे केलेली वेडीवाकडी आरती झोंबते. तो नसेल तर उरतात नुसती गमतीदार गाणी.

1978 मध्ये मराठी माणसाच्या मनात असा देव्हारा होता. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभे केले, तेव्हापासून तीन-चार पिढ्यांनी नाट्यपदे घरात, मैफलीत आणि गणेशोत्सवात म्हटली. मुंबईत गिरगावच्या बाजूला बांधलेल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्येही पुढे बालगंधर्व गायले. बालगंधर्व 1967 मध्ये गेले. म्हणजे 'तमाशा' पाहायला आलेल्या चाळिशीपुढच्या प्रेक्षकाच्या कानात त्यांचा आवाज अजून जिवंत होता. आणि थट्टा करणारा लेखक कोण, तर स्वतः पेटीवर बसून नाट्यगीते रंगवणारा, त्या गाण्यावर जीव असलेला माणूस. परक्याने केली असती तर ती टवाळी ठरली असती. घरच्याने केली म्हणून लोक हसले. त्यात आणीबाणी नुकतीच संपलेली. 1977 च्या निवडणुकीत पुलंनी सभा गाजवल्या होत्या, आणि वर्षभरातच नव्या सत्तेचेही पाय मातीचे आहेत हे लोकांना दिसू लागले होते. मंत्री, पोलीस आणि दरोडेखोर यांचे साटेलोटे रंगमंचावर दिसले, तेव्हा त्यासाठी वेगळे भाष्य लागले नाही.

नाट्यसंगीताबरोबर पुलंनी घेतलेली दुसरी गोष्ट, म्हणजे तमाशा, नगर जिल्ह्याच्या अधिक जवळची आहे. संगमनेर हे अनंत फंदीचे गाव. त्याच तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या पवळाबाईने पठ्ठे बापूरावांच्या सोबतीने तमाशाचा फड गाजवला. कांताबाई सातारकरांनी आपला फड संगमनेरहून चालवला आणि 2021 मध्ये त्या तिथेच गेल्या. तमाशाचा क्रम पाहा. आधी गण: गणपतीला हात जोडायचे, आणि ते मनापासून. लगेच गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, पेंद्या लुडबुड करतो आणि मावशी देवालाच फैलावर घेते. समोर बसलेली माणसे सकाळी हरिपाठ म्हणणारी असतात. देवाची अशी फिरकी त्यांना चालते, कारण नमस्कार आधीच झालेला असतो. सोंगाड्या गोष्ट मध्येच सोडून प्रेक्षकांतल्या पाटलाशी बोलतो आणि पुन्हा गोष्टीत शिरतो.

म्हणून ब्रेख्टच्या तंत्राविषयी आपल्याकडे जो आदर दाखवला जातो, तो थोडा तपासून घ्यायला हवा. नटाने भूमिकेतून बाहेर येऊन गाणे म्हणावे, प्रेक्षकाने कथेत वाहून जाऊ नये, हा बर्लिनमधल्या प्रेक्षकाला धक्का होता. अंधारात बसून रंगमंचावरचे जग खरे मानायची त्याला सवय होती. फडापुढे बसणाऱ्याला ती सवय कधी लागलीच नाही. त्यामुळे सूत्रधार पुढे येऊन बोलला, गाणे मध्येच थांबले, फलक आला, याने मराठी प्रेक्षक दचकत नाही. उलट त्याला घरी आल्यासारखे वाटते. बर्लिनमध्ये जे औषध होते ते इथे रोजचे जेवण. इथे ब्रेख्ट करणाऱ्याने तंत्राच्या भरवशावर राहू नये. धक्का कशाचा द्यायचा, ते त्याला नव्याने शोधावे लागेल.

आजच्या प्रयोगाचे घोडे इथे अडते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे 1978 ची संहिता उघडायची, तीच गाणी बसवायची आणि जाहिरातीत 'अजरामर कलाकृती' असे छापायचे. पण मग ज्या नाटकाचा जन्म मूर्ती हलवण्यासाठी झाला, त्याचीच मूर्ती होईल. आजच्या विशीतल्या मुलाला नाट्यपदाची थट्टा कळणारच नाही, कारण त्याच्यासाठी ते पवित्र नाही आणि ओळखीचेही नाही. थट्टा पचवण्याची ताकद समाजात फार मोठी असते. बर्लिनमधल्या ज्या सुखवस्तू प्रेक्षकावर हे नाटक रोखलेले होते, त्यानेच गाणी गुणगुणत ते वर्षभर डोक्यावर घेतले. पुढे त्यातले खुन्याचे गाणे लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांनी अमेरिकेत घरोघरी पोहोचवले, आणि सुरीचा धाक जाऊन तिथे झुलायला लावणारी चाल उरली.

मग आज भव्यतेचा आणि पवित्र भावनेचा देव्हारा कोणता? मला तो मैदानावरच्या महानाट्यात दिसतो: शेकडो कलाकार, हत्ती-घोडे, तोफांचे आवाज, ध्वनिमुद्रित गर्जना आणि शेवटी सगळ्यांनी उभे राहून दिलेल्या घोषणा. संगीत नाटक एकेकाळी जे काम करत होते, ते आज हे मैदान करते. भावना भव्य करून परत हातात देते. घोड्यावरून येणारा राणीचा दूत तिथे जसाच्या तसा उतरवता येईल. लक्ष्य इतिहासपुरुष नाहीत. लक्ष्य आहे त्यांच्या नावाने उभा राहणारा थाट आणि त्या थाटाच्या पहिल्या रांगेत बसणारी मंडळी. हे करायला धैर्य लागेल, आणि गे किंवा पुलं यांच्याइतके त्या प्रकारावरचे प्रेमही लागेल. ज्याला त्या मैदानावर कधी भरून आले नाही, त्याने ही थट्टा करू नये.

विषय मात्र नगरला शोधत फिरावे लागणार नाहीत. ब्रेख्टचा पीचम हा भिकाऱ्यांचा ठेकेदार. माणसाला दया येईल अशा दैन्याचे पाच नमुने त्याने ठरवले आहेत. तो ते भाड्याने देतो आणि परवाना नसलेल्या भिकाऱ्याला रस्त्यावर उभे राहू देत नाही. राणीच्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीत आपले भिकारी घुसवीन, अशी धमकी तो पोलीसप्रमुखाला देतो. शिर्डी याच जिल्ह्यात आहे. 1959 च्या भिक्षा प्रतिबंध कायद्याखाली तिथे अधूनमधून भिक्षेकऱ्यांची धरपकड होते. एप्रिल 2025 मध्ये तिथून उचलून श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरला ठेवलेल्यांपैकी चौघांचा जिल्हा रुग्णालयात मृत्यू झाला. ज्या फकिराने आयुष्यभर भिक्षा मागितली, त्याच्या गावातून भिकारी हटवले जातात. एवढी उपरोधिक मांडणी ब्रेख्टलाही सुचली नसती.

दुसरा धागा बँकेचा. ब्रेख्टचा दरोडेखोर मॅकहीथ टोळीचे हिशेब बायकोच्या हाती सोपवतो आणि लवकरच आपण बँकिंगमध्ये शिरणार असे सांगतो. फासाखाली उभा असताना तो स्वतःला बँकांच्या पाठबळावरच्या बड्या धंद्यांनी गिळलेला छोटा कारागीर म्हणवतो. सहकाराच्या या जिल्ह्यात शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. पाठोपाठ पोलीस तपास आणि ठेवीदारांची आंदोलने लोकांनी पाहिली. मॅकहीथचे हे बोलणे नगरच्या सभागृहात तळटीप न देता कळेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. विषय आपला, संगीत आपले, सोंगाड्या आपला, तर मग जर्मन ऑपेरा हवाच कशाला? संगमनेरच्या एखाद्या फडाने सरळ वग का करू नये? करावाच. पण वगाची एक खोड आहे. त्यात राजा वाट चुकतो, प्रधान कपटी निघतो, प्रजा भरडली जाते, आणि अखेरीस न्याय होतो. सत्याच्या विजयावर पडदा पडतो आणि माणसे समाधानाने घरी जातात. ब्रेख्टही न्याय करून दाखवतो, पण असा न्याय बाहेर होत नसतो हे त्याच दमात सांगतो. वगाकडे नसलेली ही एकच गोष्ट जर्मन नाटकाकडे आहे. उलट, देवापुढे आधी हात जोडून मग त्याची फिरकी घेण्याची हातोटी बर्लिनला विकत मिळणार नाही. ती फडाकडे आहे. म्हणून हा सौदा बरोबरीचा व्हायला हवा.

शहरी रंगभूमीने तमाशाशी आजवर केलेला सौदा बरोबरीचा नव्हता. सोंगाड्याची चाल, ढोलकीचा तोडा, लावणीची अदा तिने घेतली. फडाचे अर्थकारण मात्र होते तिथेच राहिले. दसऱ्यापासून चैत्र-वैशाखाच्या यात्रांपर्यंतचा हंगाम, नारायणगावच्या राहुट्यांत ठरणारी सुपारी आणि दोन हंगामांच्या मधली उचल. 2020 आणि 2021 अशा दोन वर्षांच्या यात्रा करोनाने बुडाल्या, तेव्हा फडमालक आणि कलावंत दोघेही कर्जात गेले. पीचमचे दुकान दाखवणाऱ्या नाटकाने दुसऱ्याच्या दैन्याचा वेष असा फुकटात चढवला, तर तेच पीचमचे दुकान होईल. फडातल्या कलावंताला एका दिवसाच्या 'मार्गदर्शना'ला बोलावून शाल-श्रीफळ देण्यात अर्थ नाही. त्याचे नाव लेखक-दिग्दर्शकाच्या ओळीत आले पाहिजे आणि गल्ल्यात त्याचा वाटा असला पाहिजे.

असा प्रयोग जमला की नाही हे टाळ्यांवरून ठरवता येणार नाही. टाळ्या बर्लिनमध्येही पडल्या, पुण्यातही पडल्या. नगरच्या सभागृहात एका रांगेत ठेव बुडालेला माणूस बसेल आणि तीन रांगा पुढे, राखीव खुर्चीवर, कुठल्या तरी संस्थेचा संचालक. दोघेही हसतील, तमाशाला येऊन कोण हसत नाही? पण दोघे एकाच वाक्याला हसले, तर प्रयोग फसला असे समजावे. एक हसत असताना दुसऱ्याचे हसू थांबले, आणि पुढच्या गाण्याला ते उलटे झाले, तरच हे अवघड काम साधले.