सर्वांत नालायक कोण?

फुटबॉल-संघाच्या इतिहासांतील सर्वांत नालायक व्यवस्थापक कोण, हें केवळ जय-पराजय मोजून ठरवितां येईल काय? इंग्लंडांतील लीड्स युनायटेडनें १९७४ सालीं ब्रायन क्लफ यांस अवघ्या ४४ दिवसांत दूर केलें. साखळीच्या ६ सामन्यांत विजय एकच! परंतु याच गृहस्थांनीं पुढें नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या सामान्य संघास १९७९ व १९८० सालीं युरोपियन चषक मिळवून दिला. लीड्सच्या खेळाडूंचीं पदकें कपटाचीं म्हणून हिणविण्यांत क्लफ चुकले, हें खरें. पण ते लीड्सचे जुने व उघड टीकाकार, हें ठाऊक असून त्यांस नेमिलें कोणीं? आम्हांस वाटतें, नालायकांची यादी करणारानें त्यांस निवडणाऱ्या संचालकांसहि तींत स्थान द्यावें. त्याखेरीज तो न्याय नव्हे.